तीन टक्के वारा

मे महिन्यात दुपारचे साडेतीन-चार वाजले की कोल्हापुरात पश्चिमेचा वारा सुटतो. सकाळपासून तापलेलं गाव एकदम सुस्कारा टाकतं. दोरीवरच्या लुगड्यांच्या अंगात येतं, शेजारच्यांचं दार आपटतं, आंब्याच्या पेटीतलं गवत अंगणभर पळत सुटतं. लोक म्हणतात, "बरं वाटलं की हो!" मलाही बरं वाटतं. पण माझं बरं वाटणं जरा वेगळ्या जातीचं आहे. हा वारा अंगाला लागला की मला सूड आठवतो.

सत्तरी ओलांडलेल्या बाईनं असं लिहू नये, हे ठाऊक आहे मला. या वयात जप करावा, गुडघ्याला तेल चोळावं. तेल चोळतेच मी. पण वाटीतलं तेल बघितलं की मला गुडघा दिसत नाही, समुद्र दिसतो. त्यावर काळा, जाड, चकाकणारा तवंग, आणि त्या तवंगाच्या पुढं मी पेन्सिलीनं काढलेला बाण. आता हे तेल कुठं जाईल? किती वाजता? कुणाच्या दारात?

माझी वीसेक वर्षं या तीन प्रश्नांत गेली. आणि मी राहायला कुठं, तर कोल्हापुरात. इथून समुद्र घाट उतरून चार तासांवर. आमचे हे तेव्हाच म्हणाले होते, "समुद्राच्या काठावरची माणसं मेली व्हय सगळी? तिथलं तेल कुटं जातंय ते कोल्हापूरची लिंगायताची बाई सांगणार!" त्यांचं शाहूपुरीत दुकान होतं, पंपाचे पट्टे आणि इंजिन ऑइलचं. म्हणजे तेलाशी नातं त्यांचं जुनं, माझं नवीन.

झालं होतं असं. मी कॉलेजात गणित शिकवायची. नव्वदच्या दशकात आमच्या सरांनी कुठून तरी एक काम मिळवून आणलं. कोकणच्या किनाऱ्यावर जहाजातून तेल सांडलं, तर ते वाहत कोणत्या खाडीला लागेल याचा अंदाज द्यायचा. तेल अडवायला रबरी फुग्यांच्या तरंगत्या माळा असतात. खाडीच्या तोंडाशी त्या आडव्या लावल्या की तेल बाहेर राहतं. पण किनारा लांबलचक आणि माळा मोजक्या. सगळ्या खाड्यांना त्या पुरत नाहीत. म्हणून कुणीतरी आधीच सांगावं लागतं, अमुक खाडीला न्या. आणि ते सांगणं चुकलं, तर माळ एकीकडे आणि तेल दुसरीकडे.

सरांचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर त्यांच्या माणसांना वाटायचं, बाई अजून आठवण काढतात. नुसतं 'सर' म्हणू. तेसुद्धा त्यांना जास्तच होतंय.

त्या चाळिशीतल्या बाईकडं आता बघितलं की मला हसू आवरत नाही. मोठा अंबाडा, काखेत नकाशाची गुंडाळी, पेन्सिल अंबाड्यात खोचलेली. तिला वाटायचं, समुद्र म्हणजे मोठी परात. आणि खरंच तिनं परातीत समुद्र केला होता. आमच्या अव्वानं, म्हणजे आईनं, लग्नात दिलेली पितळी परात, तीत पाणी, यांच्या दुकानातलं चमचाभर इंजिन ऑइल आणि समोर टेबल फॅन. तेल हळूहळू सरकायचं. वाऱ्याच्या शंभर भागांतले तीनच भाग तेल घेतं, असा आमच्या धंद्यातला नियम. पाण्याचा प्रवाह मात्र पूर्ण घेतं. प्रवाह पुरा अधिक वारा तीन टक्के, झालं गणित. मी हातात घड्याळ घेऊन परातीवर वाकून बसलेली, आणि अव्वा दारात उभी. "काय करायलीस गं?" "समुद्र बघतेय." "परात घासणार कोण?" ती परात पुढं कधी नीट निघाली नाही. सणाच्या पुरणाला दुसरी आणावी लागली.

एवढं करून त्या शहाणीनं पहिल्याच मोठ्या परीक्षेत माती खाल्ली.

किनाऱ्यावर सराव ठरला होता. खोटं जहाज, खोटं तेल, पण हॉल खरा आणि समोर बसलेले अधिकारी खरे. वाऱ्याची चिठ्ठी आली, 'वायव्य'. आता प्रवाहाचं नाव तो जिकडं जातो तिकडचं असतं. उत्तरेचा प्रवाह म्हणजे उत्तरेकडं जाणारा. वाऱ्याचं मात्र उलट, तो जिथून येतो तिथलं नाव त्याला. कोल्हापुरात पाळण्यातल्या पोरालाही कळतं की पश्चिमेचा वारा पश्चिमेकडून येतो. पण महिनाभर प्रवाहांचे बाण काढून काढून माझं डोकं प्रवाहाचंच झालं होतं. मी वाऱ्याचा बाण वायव्येकडं नेला. तेल किनाऱ्याकडं यायचं सोडून खोल समुद्रात निघालं.

आदल्या संध्याकाळी मी तो नकाशा सरांना दाखवला होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून दोन मिनिटं बघितलं, कोपऱ्यात सही केली, "छान" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये मी छडी घेऊन सांगत होते. सर पुढच्या रांगेतून उठले. आवाज मधासारखा. "बाई, हे तेल थेट अरबस्तानला परत निघालं की हो! जिथून आलं तिथं सोडायला चाललाय काय?" हॉल फुटला. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे हसले. मग हसू ओसरल्यावर, सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "काल संध्याकाळीच माझ्या लक्षात आलं होतं. पण म्हटलं, बाई शिकतील."

चूक माझी होती. ती मी आजही कुणावर ढकलत नाही. पण ते 'काल संध्याकाळीच' माझ्या घशात जे अडकलं, ते अडकलंच.

त्या दिवसापासून मी 'अरबस्तानच्या बाई' झाले. पोरांनी फळ्यावर उंट काढले. एकदा तर पेपर तपासताना उत्तराच्या शेवटी उंट निघाला, आणि उत्तर बरोबर होतं म्हणून पूर्ण मार्क द्यावे लागले. स्टाफरूममध्ये खजुराची पुडी आली की सर म्हणायचे, "बाईंना द्या, माहेरचं आहे." मी हसायची. कशी हसायची ते सांगते. वरचे दात दिसतील एवढंच.

सात-आठ वर्षं मी तो सूड पाळला. लोक गाय पाळतात, तसा. त्याला रोज वैरण लागायची. सर वर्गात घसरून पडतील, सरांचा मुलगा गणितात नापास होईल, सरांच्या निरोपसमारंभात माईक बंद पडेल, असली स्वप्नं. ज्योतिबाला नवस मात्र बोलले नाही. देवाला एवढ्या खालच्या कामाला लावायची लाज वाटली. ते काम स्वतः करायचं, असं त्या बयेनं ठरवलं होतं. आणि त्यासाठी तिला चूक न करणारी व्हायचं होतं.

म्हणून दर मेमध्ये पेपर तपासून झाले की ती एसटीनं घाट उतरायची. एकटी. आमचे हे दुकान आवरून घरी आले की टेबलावर चिठ्ठी असायची, 'भाकरी दुरडीत, मी समुद्राकडं.' एकेका खाडीच्या तोंडाशी उभं राहून लोकांना विचारत फिरायची, वारा कधी सुटतो, पाणी कुठं जातं. लोक वेड्यात काढायचे. एका खाडीत मात्र कुणी वेड्यात काढलं नाही. त्या खाडीचं नावही मी लिहीत नाही, पण ते वेगळ्या कारणानं.

तिथं सुकती लागली होती, म्हणजे ओहोटी. पाणी मागं सरून चिखलाचा मोठा पट्टा उघडा पडलेला. त्यात बायका ओणव्या होऊन बोटांनी चिखल उकरत होत्या आणि तिसऱ्या काढून टोपल्यांत टाकत होत्या. तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, हे मला त्यांनीच सांगितलं. आमच्या घरात अंडं फुटलेलं चालायचं नाही, तिथं शिंपल्या कोण ओळखणार? त्यांतली एक, काळीसावळी, माझ्याच वयाची, काष्टा गुडघ्याच्या वर खोचलेली, कंबर सरळ करून माझ्याकडं बघत राहिली. तिचं नाव सुंदराबाई.

"खयसून इलंस गो बाय?"

"कोल्हापूरहून."

"तिसऱ्यो घेऊक? इतक्या लांबसून?"

"नाही, मी खात नाही."

"मगे कित्याक इलंस? नुसत्या बघूक?"

"वारा विचारायला आलेय. कुठून येतो, पाणी कुठं नेतो."

ती बाकीच्यांकडं वळून ओरडली, "ऐकलंत काय? ही वारो इचारूक इली हा! कोल्हापुरात वारो नाय!" सगळ्या हसल्या. हॉलमधल्या हसण्याची मला सवय होती, पण हे हसणं तसलं नव्हतं. ते माझ्या अंगावर आलं आणि मला न लागता पुढं गेलं.

मग तिनं मला भरतीच्या रेघेपाशी नेलं. पाणी जिथवर चढतं तिथं वाळूवर कचऱ्याची ओळ असते, बाटल्या, दोरखंड, तुटक्या चपला. "वारो नंतर बघ. आधी ह्या बघ. थंडीत हय गोव्याकडच्यो बाटल्यो येतत. आता बघ, एकतरी दिसता? आता सगळां रत्नांग्रीकडचां. होळी झाली काय पाणी फिरता. थंडीत वर जाता, होळीनंतर खाली."

मी वहीत लिहून घेतलं. कोल्हापूरला आल्यावर छापील तक्ते काढून बघितले. तंतोतंत. किनाऱ्यालगतचा प्रवाह थंडीत उत्तरेकडं वाहतो, उन्हाळा लागता लागता उलटतो आणि दक्षिणेकडं जातो. ज्यासाठी शास्त्रज्ञांनी जहाजं फिरवली, ते तिनं बाटल्यांवरून सांगितलं होतं.

पुढची चार-पाच वर्षं मी दर मेमध्ये तिच्याकडं गेले. ती मला चिखल दाखवायची. कुठं उकरायचं, कुठं नाही, कुठली पिल्लं आहेत, त्यांना हात लावायचा नाही. "ह्या माझा शेत," म्हणायची. "तुमचो ऊस, तशी माझी तिसरी. फक्त आमचा पाणी दिसातून दोनदा येता न् दोनदा जाता." एकदा तिनं विचारलं, "बाय, तुझां ता तेल आमच्या खाडीत इलां तर काय होतला?" मी म्हटलं, चिखलात मुरलं तर तिसऱ्या गुदमरून मरतील, आणि कित्येक वर्षं तिथं काही येणार नाही. तिनं हातातली तिसरी परत चिखलात खोचली. मग म्हणाली, "येवच्या आधी सांगशील मगे माका?"

"सांगेन की," मी म्हटलं. तिच्या शेजाऱ्यांकडं फोन होता. नंबर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला.

आणि मग एका मेमध्ये खरंच तेल सांडलं. एका मालवाहू जहाजाची इंधनाची टाकी फुटली. दुपारी कॉलेजात फोन खणखणला. सुट्टी होती, पण पेपर तपासणाऱ्यांची मात्र वर्दळ होती. सर खोलीत शिरले, नकाशा पसरला, दार लावून घेतलं. मला आकडे आणून द्यायचं काम. तोपर्यंत एक संगणक आला होता, पण सरांचा त्याच्यावर विश्वास नव्हता आणि त्याचा सरांवर. साडेपाचला अंदाज तयार झाला. तेल उत्तरेच्या खाडीला लागणार. मोठा धक्का आहे तिथं, सगळ्यांना माहीत असलेली खाडी. फॅक्स गेला. माळा पहाटेच उत्तरेला निघणार असं ठरलं.

सहा वाजता मी टेबल आवरत होते, तेव्हा खालचा कागद दिसला. सरांनी प्रवाहाचा बाण जुन्या तक्त्यावरून उचलला होता. जानेवारीच्या. पाणी उत्तरेकडं. होळी होऊन दोन महिने उलटले होते.

तिथंच उभ्या उभ्या मी हिशेब केला. पाणी खाली, वारा वायव्येचा, त्यातले तीन टक्के. बाण सरळ सुंदराबाईच्या खाडीच्या तोंडात गेला. उद्या दुपारची भरती, एकच्या सुमाराची.

आता त्या पन्नाशीतल्या बाईकडं नीट बघा. कारण मी तिला कितीदा तरी बघितलंय. तिच्या समोर, दोन हातांवर, टेबलावर फोन आहे. वहीच्या पहिल्या पानावर नंबर आहे. पलीकडच्या खोलीत सर चहा पितायत. तिच्या अंगावर असा काटा येतो की जणू वळवाची पहिली गार झुळूक. तिला भीती वाटत नाही. सुंदराबाईही आठवत नाही. तिला एकच वाक्य ऐकू येतं, 'काल संध्याकाळीच माझ्या लक्षात आलं होतं.'

उद्या सकाळी दहाला किनाऱ्यावर बैठक होती. तेच अधिकारी, तोच हॉल.

"सर, निघू का? घरी पावणं यायचेत," मी म्हटलं.

"या या. पहाटे पाचला जीप आहे. विसरू नका, नाहीतर अरबस्तानला जाल."

घरी कुणी पावणं नव्हतं. मी झुणक्याबरोबर एक भाकरी जास्त खाल्ली. बरोबर बाणांचा नकाशा काढला, शाईनं, शिसपेन्सिलीनं नाही. यांनी विचारलं, "आज गुणगुणतेयस, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. गणिताच्या बाईनं स्वतःची समजूत कशी घातली तेही लिहून ठेवते. दहाला सांगितलं, की भरतीला अजून तीन तास. तीन तासांत माळा फिरवता येतील. रस्ता किती, माळा जड किती, माणसं किती, यांतला एकही आकडा तिनं त्या गणितात घेतला नाही. आयुष्यभर पोरांचे मार्क कापले ते असल्याच चुकांबद्दल.

पहाटे जीप निघाली. सर पुढं, मी मागं, मांडीवर नळकांड्यात माझा नकाशा. घाटात ड्रायव्हर आरशातून बघून म्हणाला, "म्याडम, लई खुशीत दिसतायसा. लेकीचं ठरलं काय?"

"न्हाय बाबा. एकाची वरात काढायची हाय."

"कुणाची वो?"

"हाय एकजण. आपल्यातलंच."

सरांनी पुढून चिवड्याचा डबा मागं दिला. "घ्या बाई, कांदा-लसूण घातलाय." मी मूठभर घेतला. चांगला होता. शत्रूचा चिवडा इतका चांगला नसावा.

दहाला बैठक. सरांनी छडी उचलली, उत्तर दाखवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उभी राहिले. सावकाश नळकांडं उघडलं, नकाशा त्यांच्या नकाशावर टाचण्यांनी लावला. म्हटलं, "सर, हा जानेवारीचा प्रवाह आहे. मेमध्ये पाणी उलटं वाहतं. तेल उत्तरेला जाणार नाही." आणि मग, मधासारख्या आवाजात, प्रत्येक शब्द चाटत, मी म्हणाले, "काल संध्याकाळीच माझ्या लक्षात आलं होतं. पण म्हटलं, सर शिकतील."

सरांचा चेहरा कसा झाला ते सांगायला मला तीन पानं लागतील, आणि ती मी कधीतरी लिहिणार आहे. आधी कान लाल झाले. मग चष्मा कपाळावर गेला. मग खाली आला. मागून कुणीतरी खिदळलं. मी सात वर्षं ज्याला वैरण घातली होती, तो माझ्या हातात आला. गोड होता हो. खोटं कशाला सांगू? अजून जिभेवर आहे.

पांढऱ्या गणवेशातला एक तरुण अधिकारी मात्र हसला नाही. त्यानं घड्याळ बघितलं. "बाई, काल संध्याकाळी म्हणालात?"

"म्हणजे... शंका आली होती."

तो फोनकडं धावला. माळा उत्तरेच्या खाडीवर पोचून, उतरवून, अर्ध्या लागल्या होत्या. त्या काढायच्या, गुंडाळायच्या, चढवायच्या आणि वळणावळणाच्या रस्त्यानं दक्षिणेला आणायच्या. त्या पोचल्या दुपारी चारला. तेल एक वाजता भरतीवर बसून आत गेलं होतं. वेळ मी बरोबर काढली होती, अगदी दहा मिनिटांच्या फरकानं.

सुंदराबाईच्या शेजाऱ्यांना फोन लावला तो अकरा वाजता. आणि दुसरा फोन माझ्या भावाला, शिवाप्पाला. त्याचं गुऱ्हाळ होतं. हंगाम संपत आला होता, पण चुलाणापाशी चिपाडाचा डोंगर पडलेला. रस काढून वाळलेला उसाचा चोथा तेल कसं पितो, ते मी यांच्या दुकानात सांडलेल्या इंजिन ऑइलवर बघितलं होतं. "शिवा, ट्रक भर आणि घाट उतर. आत्ताच्या आत्ता."

"अक्का, ह्या चिपाडावर गूळ शिजतोय. तू समुद्र पुसाय लागलीस व्हय?"

"भर म्हणते ना!"

"भरतो की. वरडतीस कशाला?"

तो अंधार पडायच्या आत पोचला. जुन्या जाळ्यांत चिपाड कोंबून गावातल्या माणसांनी खाडीच्या मधोमध बांध घातला, आणि वरचं अर्धं शेत वाचलं. वर्तमानपत्रात चिपाडाचं कौतुक छापून आलं. शिवाप्पानं ते कात्रण गुऱ्हाळात लावलं होतं, धुरानं काळं होईपर्यंत. त्यानंतर कॉलेजात फळ्यावर उंट निघाला नाही. सरांनी मला पुन्हा कधी चिवडा दिला नाही.

सरांना मी माफ केलेलं नाही. आता ते नाहीत, तरीही नाही. मेल्यावर माणूस चांगला होतो, हा कायदा मला मान्य नाही.

परवा नातीनं तिच्या फोनवर मला दाखवलं. कुठल्यातरी समुद्रातलं तेल, रंगीत, आपोआप सरकणारं. तासातासाचा अंदाज, जगात कुणीही बघावा. "अज्जी, तुम्ही हे हातानं काढायचात?" मी म्हटलं, हो, आणि परातीत. तिला खोटं वाटलं. मला त्या यंत्राचा हेवा वाटला. त्याला कळलं की ते लगेच सगळ्यांना सांगतं. त्याला संध्याकाळ नसते, सर नसतात, कुणी कधी त्याला खजूर दिलेला नसतो. मग नात म्हणाली, "म्हणजे तुमच्यामुळं खाडी वाचली ना?" कात्रणाची गोष्ट तिनं शिवाप्पाकडून ऐकलेली. मी म्हटलं, "अर्धी." दुसऱ्या अर्ध्याचं तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्या दिवशी मी खाडीवर पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. बायका काठावर उभ्या होत्या. पाणी काळं होतं आणि जड, लाट येत होती पण आवाज करत नव्हती. सुंदराबाई वळली.

"तुका कधी कळलां?"

"सकाळी," मी म्हणाले.

ती नुसती बघत राहिली. लहानपणापासून पाणी बघत आलेली बाई, माझा चेहरा म्हणजे किती खोल असणार? तिनं पुन्हा विचारलं, त्याच आवाजात. "कधी?"

"काल. संध्याकाळी सहाला."

तिनं बोटांवर मोजलं. मला वाटलं तास मोजतेय. ती पाणी मोजत होती.

"म्हणजे सकाळची सुकती होती," ती म्हणाली. "सात वाजता ह्यो चिखल उघडो होतो. आम्ही सगळ्या बायलो उतरलो असतो. हाताक गावतीत तितकी तिसरी वर काढली असती. पिल्लां वर, खाडीच्या आतल्या टोकाक, खाजणात न्हेऊन टाकली असती." मग, "एक सुकती होती गो बाय. ती तू खाल्लंस."

मी सरांचं सांगायला तोंड उघडलं. हॉल, उंट, सात वर्षं. तिच्यासमोर त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना. ती रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. मला त्या हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळची सुकती लागली तेव्हा तिनं मला बोलावलं. काष्टा खोचायला लावला. एक टोपली माझ्या हातात दिली, एक बाजूला ठेवली.

"चिखलात उतर. मेली एका टोपलीत, जिती एका टोपलीत."

"ओळखायची कशी?"

"वास घेऊन."

घोट्यापर्यंत तो काळा चिखल, घासलेटासारखा वास, आणि बोटांत ती निसरडी, उघडी पडलेली शिंपली. जन्मात ज्या वस्तूला आमच्या घरात कुणी हात लावला नव्हता, ती मी एकेक नाकाशी धरत होते. दोनदा ओकले. बाजूच्या बायका आपापलं काम करत होत्या, कुणी हसलं नाही, कुणी पाणीही विचारलं नाही. माझी एक टोपली भरत गेली. दुसरीचा तळ दिसत होता. भरतीचं पाणी पिंडऱ्यांना लागेपर्यंत तिनं मला बाहेर येऊ दिलं नाही.

वर आल्यावर तिनं दोन्ही टोपल्यांत हात घालून बघितलं. मेल्यांतून तीन काढून जित्यांत टाकल्या.

"फाल्या परत ये," म्हणाली. म्हणजे उद्या.

मी गेले.